नॉक सेन्सरचा कोड जाता जात नाही, दोन सेन्सर बदलून झाले, आता काय?

पंचविशीतली_गाडी
मंडळी नमस्कार. डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय, जरा लांबण लागेल पण वाचा. गाडी १९९९ ची, १.६ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, एकच कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि तिथून चार प्लग वायरी. मेक मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की अर्धा धागा ती कंपनी चांगली का वाईट यातच जातो.

सात-आठ महिन्यांपूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला आणि त्याच सुमाराला गाडी मेल्यासारखी झाली. ज्या चढावर तिसऱ्यात आरामात जायची तिथे दुसरा टाकावा लागायला लागला, अ‍ॅव्हरेजही पडलं. मेकॅनिकने स्कॅनर लावला, म्हणाला नॉक सेन्सर (इंजिनातली खडखड ऐकणारा) गेलाय, नवा टाकला. चार दिवसांनी दिवा परत. मग म्हणाला वायरिंग सडलंय, वायर नवी ओढली, अजूनही काहीतरी केलं, त्यानंतर पिकअप थोडं बरं वाटलं पण दिवा आलाच. मग दुसरा सेन्सर. दिवा परत. आता म्हणतोय ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेलाय.

वर आणखी एक, दमट हवेत सकाळी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं गाडी मिसिंग मारते, तेव्हा मिसफायरचा कोड पी०३०२ येतो आणि गाडी गरम झाली की सगळं ठीक. याचा नॉकशी संबंध आहे का दोन वेगळी दुखणी आहेत? ईसीयू बदलायच्या आधी विचारावं म्हटलं.

पाना_नंबर_दहा
ईसीयू गेलाय हे "बहुतेक देवाचीच मर्जी" सारखं निदान आहे, सगळं संपलं की म्हणायचं. आधी सांग, नॉकचा कोड म्हणजे नेमका आकडा काय? पी०३२५, पी०३२७, पी०३२८ या तिन्हींना बरीच अ‍ॅप्स "नॉक सेन्सर सर्किट" एवढंच दाखवतात. पहिल्यांदा आलेला आणि आत्ता आलेला, दोन्ही आकडे दे. आणि फ्रीझ फ्रेम उघडून बघ, कोड पडला तेव्हा आरपीएम, लोड, तापमान काय होतं ते.

जुगाडू_जन
मी तर सेन्सरच्या जागी ४७० किलो-ओहमचा रेझिस्टर लावून मोकळा झालो होतो माझ्या आधीच्या गाडीला. दिवा गेला तो गेलाच. जुन्या गाडीला कशाला एवढं लाड?

हात_काळे
@जुगाडू_जन दिवा गेला हे खरं असेल, पण नॉक ऐकणारा कान पण गेला. नॉक म्हणजे काय होतं बघा, प्लगने स्पार्क दिला, ज्योत पसरत चाललीय, आणि तिच्या पुढ्यात उरलेलं मिक्श्चर दाबाने आणि उष्णतेने ज्योत पोचायच्या आधीच स्वतःहून एकदम पेटतं. त्याचा धक्का लोखंडात वाजतो, तीच खडखड. हे पूर्ण लोडवर चालू राहिलं तर पिस्टनची कड खाल्ली जाते, रिंगांच्या मधला भाग तुटतो. मी असा पिस्टन हातात धरलाय, कडेला उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो.

आणि सगळ्या ईसीयूंना रेझिस्टरने फसवता येतही नाही. आरपीएम वाढलं की इंजिनचा नेहमीचा आवाज वाढतो, तसा सेन्सरचा सिग्नलही वाढायला हवा हे बऱ्याच ईसीयू तपासतात. रेझिस्टर गप्प बसतो, मग थोड्या वेळाने पी०३२५ हजर.

धागाकर्त्याची गाडी मेल्यासारखी का झाली तेही यातच आहे. नॉक सेन्सरचं सर्किट बिघडलं असं ईसीयूला वाटलं की तो धोका पत्करत नाही, टायमिंग सरसकट मागे घेतो. स्पार्क उशिरा, म्हणून ताकद कमी, अ‍ॅव्हरेज कमी. म्हणजे सेन्सर "गेल्याने" गाडी ओढत नाही असं नाही, ईसीयू तिला मुद्दाम दबकत चालवतोय.

पंचविशीतली_गाडी
@पाना_नंबर_दहा दादा तुम्ही विचारलं म्हणून जुने फोटो काढून बघितले आणि चाट पडलो. पहिला कोड पी०३२५ होता. आत्ताचा पी०३२८. मी आणि मेकॅनिक दोघंही "तोच कोड परत आला" म्हणत बसलो होतो!

फ्रीझ फ्रेम: आरपीएम ३१००, लोड ६२ टक्के, कूलंट ९१ अंश.

@हात_काळे दादा समजावून सांगितल्याबद्दल आभार.

हात_काळे
ताई म्हण. पंधरा वर्षं गॅरेजात आहे, दादा ऐकायची सवय झालीय तरी सांगते.

पंचविशीतली_गाडी
सॉरी ताई 🙏

ओहमचा_नियम
आकडा बदलला म्हणजे आजार बदलला. पी०३२५ म्हणजे सर्किटमध्ये काहीतरी गडबड, बहुतेक वेळा सिग्नल येतच नाही, वायर तुटली, पिन गंजली, कनेक्टर सैल वगैरे. पी०३२८ म्हणजे सिग्नल गरजेपेक्षा मोठा. पहिल्यांदा ईसीयूला काही ऐकू येत नव्हतं, आता त्याच्या कानात कोणीतरी ओरडतंय. मधे घडलं काय तर वायर बदलली. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

सेन्सरबद्दल थोडं, कारण यावर फार गैरसमज आहेत. आत पिझो स्फटिक असतो, दाबला-हलला की स्वतःच व्होल्टेज तयार करतो, बाहेरून सप्लाय लागत नाही. ते व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, म्हणून वायर शिल्डवाली असते, आत सिग्नल आणि भोवती जाळी, आणि ती जाळी सहसा एकाच टोकाला अर्थ केलेली. हे शोभेला नसतं. इंजिनच्या खोलीत कॉइल, प्लग वायरी, अल्टरनेटर सगळे आरडाओरडा करत असतात.

सेन्सर दोन जातीचे. एक चपटा, मधे भोक असलेला, त्यातून बोल्ट जातो, तो सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच ऐकतो आणि निवड ईसीयू करतो. दुसरा आट्यांनी ब्लॉकमध्ये बसणारा, बराचसा एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवलेला. ती फ्रिक्वेन्सी सिलिंडरच्या व्यासावर ठरते. ढोबळ हिशोब असा, ९०० ला पाय गुणिले त्रिज्या (मिलिमीटरमध्ये) याने भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. बोअर ८१ मिमी असेल तर त्रिज्या ४०.५, उत्तर ७ च्या आसपास. मोठ्या बोअरला कमी, लहान बोअरला जास्त. म्हणून दुसऱ्या इंजिनचा सेन्सर आटे बसले म्हणून चालेलच असं नाही, बसेल पण बहिरा निघेल.

तुझा कुठला? आणि पुढचं मोजून सांग:
सेन्सरचा कनेक्टर काढून टर्मिनल ते बॉडी रेझिस्टन्स. काही सेन्सरना आत १०० ते ३०० किलो-ओहमचा रेझिस्टर असतो, काहींना काहीच नसतं आणि मीटर अनंत दाखवतो, तेव्हा तुझ्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरजवळ ब्लॉकवर लहान पान्याने टकटक कर, आकडा हलला पाहिजे. मग वायर ईसीयूपर्यंत डोळ्याने बघ, मीटरने नाही, डोळ्याने. आणि बॅटरीची मायनस ते इंजिन ब्लॉक व्होल्टेज ड्रॉप, इंजिन चालू, लाइट चालू, ०.२ च्या वर गेला तर आधी अर्थिंगची पट्टी साफ कर.

(विषयांतर: गाडीत नॉक सेन्सर यायला बराच वेळ लागला. नॉक दाबायला पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती १९२१ ची, आणि सेन्सरने ऐकून टायमिंग मागे घेणारी ब्यूकची टर्बो व्ही-सिक्स १९७८ ची. मधली पन्नासेक वर्षं ड्रायव्हरचा कान हाच सेन्सर.)

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या गाडीत पण खडखड आहे, पण ती नॉक आहे का बेअरिंग हे कसं ओळखायचं?

हात_काळे
@वाचनमात्र न्यूट्रलमध्ये उभी करून रेस कर. आवाज तिथेही येत असेल तर तो बहुतेक नॉक नाही. नॉकला लोड लागतो, चढ, वरचा गिअर, कमी आरपीएम, पाय दाबलेला. आवाज बारीक, कोरडा, डब्यात खडे हलवल्यासारखा, आणि पाय उचलला की तत्क्षणी बंद. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज जाड, ठोका दिल्यासारखा, रेस सोडताना जास्त स्पष्ट. एका सिलिंडरची प्लग वायर काढून अर्थ केली आणि ठोका दबला तर त्या सिलिंडरचं बेअरिंग. वायर नुसती लटकत ठेवायची नाही, अर्थ करायची, नाहीतर कॉइल नाहीतर मॉड्यूल जायचं. आणि टॅपेटचा आवाज वेगळाच, टिकटिक, आरपीएमच्या निम्म्या लयीत.

सुटलेली सायलेन्सरची उष्णतेची पत्री तर हुबेहूब नॉकसारखी वाजते, आणि कधी कधी नॉक सेन्सरलाही फसवते. हाताने हलवून बघ, गार असताना.

सहा_सिलिंडर
माझी व्ही-सिक्स, पी०३२५ आणि पी०३३० दोन्ही एकदम आलेत. धागा पळवत नाही, फक्त एवढंच सांगा, दोन्ही सेन्सर एकदम जातात का?

पाना_नंबर_दहा
@सहा_सिलिंडर पी०३३० म्हणजे दुसऱ्या बँकेचा, व्ही च्या दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरांचा. दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, दोघांत सामायिक काय आहे ते बघ. कनेक्टर आणि मधलं हार्नेस. बऱ्याच व्ही-सिक्सला सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दरीत असतात, इंजिन पाण्याने धुतलं की पाणी तिथे साचतं आणि हार्नेस कुजतं. वेगळा धागा काढ, तिथे बोलू.

पंचविशीतली_गाडी
काल दोन तास बोनेटखाली होतो. रिपोर्ट:

सेन्सर आट्यांनी बसणारा, एका वायरीचा, अर्थ बॉडीतून. टर्मिनल ते बॉडी २०५ किलो-ओहम, मॅन्युअलमध्ये १२० ते २८० दिलंय म्हणजे पास. ब्लॉकवर टकटक केल्यावर मात्र मीटर जेमतेम ४-५ मिलिव्होल्टवर हलला, हे कमी आहे का जास्त मला कळत नाही. अर्थिंगचा ड्रॉप ०.०८, म्हणजे ठीक.

वायर डोळ्याने बघितली. सेन्सरपासून वीतभर मूळची काळी जाड वायर आहे, मग टेप गुंडाळलेला जोड, आणि तिथून पुढे साधी लाल वायर, फूट-दीड फूट, ती फायरवॉलजवळ परत मूळच्या वायरीला जोडलीय. एक मात्र आहे, काम स्वच्छ केलंय, लाल वायर कुठे लोंबकळत नाही, दोन नंबरच्या प्लग वायरीला प्लॅस्टिकच्या टायने नीट बांधून नेलीय.

पाना_नंबर_दहा
स्वच्छ?? अरे तीच तर बोंब आहे!

ओहमचा_नियम
हसू का रडू कळेना. मिलिव्होल्टची वायर, जाळी काढून टाकलेली, आणि ती बांधलीय कशाला तर ज्या वायरीतून हजारो व्होल्ट जातात तिला. आणि त्यातही दोन नंबरच्या. तुझा मिसफायरचा कोड कुठल्या सिलिंडरचा म्हणालास?

पंचविशीतली_गाडी
पी०३०२... दोन नंबर. अरे देवा.

हात_काळे
थांबा, लगेच पार्ट मागवू नकोस. आधी सिद्ध कर. टाय काप, लाल वायर प्लग वायरींपासून हातभर लांब ने, तात्पुरती कुठेतरी बांध (पंखा आणि एक्झॉस्टपासून लांब, हे सांगायला लागू नये पण सांगते). कोड पुसून त्याच चढावर त्याच आरपीएमला चालव. वीस मिनिटांचं काम आणि खर्च शून्य.

आणि रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने प्लग वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मार, नुसती धुकट वाफ, आंघोळ नाही. हात लांब ठेव. कुठे निळी ठिणगी रांगताना दिसली तर फोटो टाक.

पंचविशीतली_गाडी
फोटो हललेले आलेत म्हणून लिहूनच सांगतो. पहिला फवारा मारला आणि दोन नंबरच्या वायरीवर, बरोबर जिथे टाय होता तिथून, निळी रेघ टॅपेट कव्हरपर्यंत नाचायला लागली, टिक टिक आवाज करत, आणि इंजिन लगेच तीन पायावर. मी बाटली टाकून मागे सरकलो. बाकी तीन वायरी काळोखात गप्प.

चढाची टेस्ट: लाल वायर लांब नेल्यावर पी०३२८ आला नाही. दोन फेऱ्या केल्या. पण आता पेंडिंगमध्ये (अजून पक्का न झालेला, दिवा न लावणारा कोड) पी०३२५ दिसतोय. म्हणजे फिरून तिथेच आलो का?

ओहमचा_नियम
नाही, पुढे आलास. ओरडणारा गेला म्हणून आता कळतंय की सेन्सर स्वतः काही बोलत नाहीये. ४-५ मिलिव्होल्ट मला तेव्हाच खटकलं होतं. रेझिस्टन्स पास झाला म्हणजे आतला रेझिस्टर ठीक आहे, स्फटिकाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. आधीचे सेन्सर ठेवलेस का फेकलेस?

पंचविशीतली_गाडी
दोन्ही डिक्कीत आहेत. कंपनीचा मूळचा आणि मेकॅनिकने टाकलेला पहिला.

ओहमचा_नियम
शाब्बास. तिन्ही एकेक करून हातात धर, मीटर एसी मिलिव्होल्टवर, त्याच पान्याने तेवढ्याच जोरात षटकोनावर टकटक. आकड्यांना तसा अर्थ नाही, तुलनेला आहे.

पाना_नंबर_दहा
आणि प्लग चारही काढ, क्रमाने मांडून नीट बघ. वायर उगाच फुटत नाही.

पंचविशीतली_गाडी
ताई, पाना दादा, हे बघा.

प्लग: १, ३, ४ चं नाक फिकट तपकिरी. दोन नंबर काढताना बूटच तेलात बुडालेला, प्लगच्या विहिरीत बोटभर तेल. प्लगच्या पांढऱ्या पोर्सलिनवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ, पुसून जात नाही, आणि बूटच्या आत तशीच रेघ समोरासमोर. गॅप मॅन्युअलमध्ये १.१ दिलाय, माझे चारही १.४ च्या आसपास. शेवटचे कधी बदलले आठवत नाही, खरंच आठवत नाही.

प्लग वायरी: एक, तीन, चार ६ ते ९ किलो-ओहम, लांबीप्रमाणे. दोन नंबर ४१, आणि वाकवली की मीटर अनंतावर उडी मारतो.

आणखी एक, एक आणि चार नंबर प्लगच्या पोर्सलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके आहेत. हे काय?

हात_काळे
ती काळी रेघ म्हणजे करंटने काढलेली पायवाट. गॅप झिजून १.४ झाला, तिथे उडी मारायला जास्त व्होल्टेज लागायला लागलं, आणि करंट आळशी, सोपा रस्ता शोधतो. विहिरीतल्या तेलाने बूटचं रबर फुगून मऊ झालं, टायने वायर दाबली गेली, सापडला रस्ता. एकदा कार्बनची रेघ पडली की ती पुसून जात नाही, त्या प्लगला आणि त्या बूटला निरोप द्यायचा, नुसता प्लग बदललास तर जुन्या बूटची रेघ नव्या प्लगवर परत उमटते. याउलट लोखंडाला लागून पोर्सलिनवर जो तपकिरी गोल पट्टा दिसतो त्याला लोक घाबरतात, तो निरुपद्रवी, करोनाचा डाग म्हणतात (तो करोना नव्हे).

तेल टॅपेट कव्हरच्या खालच्या प्लग ट्यूबच्या सीलमधून येतं. कव्हरचं गास्केट आणि चारही सील एकदम बदल.

मिरपुडीबद्दल आत्ता काही बोलत नाही पण लक्षात ठेव. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे कण आहेत का बघ, भिंगाने. ते नसले तर अजून वेळ गेलेली नाही.

पंचविशीतली_गाडी
भिंगाने बघितलं, चकचकीत काही नाही, काळेच आहेत.

सेन्सरचे आकडे विसरलो: मूळचा ७०-८० मिलिव्होल्ट. मेकॅनिकचा पहिला ६५ च्या आसपास. आत्ता जो बसवलेला आहे तो हातात धरूनही ८ च्या वर गेला नाही. म्हणजे मूळचा चांगलाच होता?? आणि सेन्सरवर बसणाऱ्या वायरीच्या कनेक्टरची पिन बघितली तर हिरवी पडलेली, नखाने खरवडल्यावर अर्धी गळूनच आली.

ओहमचा_नियम
म्हणजे सगळी गोष्ट एका गंजलेल्या पिनेपासून सुरू झाली, पी०३२५. सेन्सर बदलला, पिन तीच, कोड तोच. मग वायर बदलली आणि पी०३२८ ला आमंत्रण दिलं. मग तिसरा सेन्सर आला तो बहुतेक दुसऱ्याच इंजिनचा.

शिल्डवाली वायर आण, एकाच तुकड्यात सेन्सर ते फायरवॉल, मधे जोड नाही. जाळी ईसीयूकडच्या मूळच्या जाळीला जोड, सेन्सरच्या टोकाला मोकळी सोडून श्रिंक ट्यूब चढव. नवी पिन क्रिम्प कर. प्लग वायरींपासून लांब ने, आणि कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांड, समांतर नेऊ नकोस.

सेन्सर बसवताना ब्लॉकची जागा पितळी ब्रशने साफ, आट्यांना टेप नाही, पेस्ट नाही, वॉशर नाही, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, अंदाजाने नाही. चपट्या सेन्सरला हे साधारण २० न्यूटन-मीटर असतं, तुझ्या आट्यांवाल्याचा आकडा बघून घे. ढिला राहिला तर कमी ऐकतो, जास्त आवळला तर स्फटिकावर ताण येऊन वेडंवाकडं ऐकतो.

जुगाडू_जन
रेझिस्टर दहा मिनिटांत झाला असता 😄

पाना_नंबर_दहा
आणि मिसफायर? त्यालाही रेझिस्टर?

पंचविशीतली_गाडी
दहा दिवसांनी आलोय. सगळं झालं. टॅपेट कव्हरचं गास्केट, ट्यूबचे सील, नवे प्लग गॅप १.१ मोजून, प्लग वायरींचा पूर्ण सेट, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर (कॅपच्या आतले टोकं पांढरी पडली होती), शिल्डवाली वायर, आणि मूळचा सेन्सर परत.

मिसिंग गेलं. परवा पहाटे दाट धुकं होतं तेव्हा मुद्दाम सुरू केली, एकही झटका नाही. दिवा नाही, पेंडिंग नाही.

पण. चढावर आता खडखड येतेय. खरी, डब्यातले खडे वाली, चौथ्यात १८००-२००० ला. स्कॅनरवर बघितलं तर नॉकमुळे टायमिंग ६-७ अंश मागे जातंय. आधी असा आवाज कधीच नव्हता. सेन्सर परत खराब?

वाचनमात्र
मला वाटतं जुना सेन्सर जरा जास्तच तिखट कानाचा असेल, त्यामुळे नसलेला नॉक ऐकतोय?

हात_काळे
@वाचनमात्र आवाज त्याच्या स्वतःच्या कानाला येतोय ना, मग सेन्सर खोटं कशाला बोलेल.

उलट विचार कर. सात महिने ईसीयू टायमिंग सरसकट मागे घेऊन चालवत होता, तेव्हा नॉक व्हायला वावच कमी. आता तो नेहमीच्या टायमिंगवर आलाय आणि नॉक होतोय. मिरपुडीचे ठिपके आठवतात? ते नॉकचेच असतात बऱ्याचदा, म्हणजे एवढं मागे घेऊनसुद्धा कधीतरी होतच होता. म्हणून तेव्हा गप्प बसले.

पहिल्या पोस्टमध्ये तू लिहिलंयस, वायर बदलताना मेकॅनिकने "अजूनही काहीतरी केलं" आणि पिकअप थोडं बरं वाटलं. साध्या वायरीने पिकअप कसं बरं होईल? कोड तर तसाच होता. माझी शंका सांगते, त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवला. ईसीयू मागे ओढतोय, गाडी ओढत नाही, गिऱ्हाईक कुरकुरतंय, मग डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरवला की गाडी खुश. कॅप बदलताना तू बॉडीचे बोल्ट सोडले होतेस का?

पंचविशीतली_गाडी
नाही, फक्त कॅपचे स्क्रू. बॉडीला हात लावला नाही.

हात_काळे
मग टायमिंग लाइट मिळव. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद. डायग्नॉस्टिक कनेक्टरमधली जी दोन टर्मिनल तुझ्या मॅन्युअलमध्ये दिली असतील ती जोडायची म्हणजे ईसीयू स्वतःचा हात काढून घेतो आणि बेस टायमिंग दिसतं. न जोडता बघितलंस तर आयडलला काटा नाचत राहील आणि आकडा खोटा. लाइटची क्लिप एक नंबर वायरीला. पुलीवरची खूण आधी खडूने रंगव.

नंतरच कार्बन, ईजीआर, गरम इंजिन, प्लगचा हीट रेंज वगैरे. आधी हे.

पाना_नंबर_दहा
आणि डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टखाली बघ, वॉशरचा जुना ठसा आणि आत्ताची जागा जुळते का. कोणी फिरवला असेल तर जुन्या धुळीत चकचकीत चंद्रकोर दिसते.

पंचविशीतली_गाडी
चंद्रकोर आहे 😶 आधी तीच बघितली, मग लाइट लावला.

मॅन्युअलमध्ये टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी १० अंश. माझ्या गाडीत १७.

बोल्ट ढिला करून हळूच फिरवत १० वर आणला, आवळल्यावर परत तपासला कारण आवळताना अर्धा अंश सरकला होता, परत सोडून परत केला. टर्मिनलची जोडणी काढली (जवळजवळ विसरलोच होतो).

त्याच चढावर गेलो. चौथा, १९००, पाय दाबला. खडखड नाही. नॉकमुळे मागे जाणारं टायमिंग बहुतेक वेळ शून्य, फक्त अगदी पूर्ण दाबल्यावर क्षणभर १-२ अंश आणि परत शून्य. आणि तिसऱ्यात वर चढली, दुसरा टाकावा लागला नाही. सात महिन्यांनी.

हात_काळे
१-२ अंश क्षणभर म्हणजे ईसीयू कडेकडेने चालतोय, तसंच चालायला हवं. कार्बन थोडा असेल, असू दे. पाच-सहाशे किलोमीटरने दोन नंबरची विहीर बॅटरीने बघ, कोरडी पाहिजे.

सहा_सिलिंडर
माझा पण सुटला, कनेक्टरमध्ये पाणी होतं. वेगळा धागा काढलाय, तिथे लिहिलंय.

पंचविशीतली_गाडी
अपडेट: ६४० किलोमीटर झाले. विहीर कोरडी. दिवा नाही. अ‍ॅव्हरेज जवळजवळ जुन्यावर आलं. मेकॅनिककडे गेलो होतो, भांडायला नाही, लाल वायर दाखवायला. तो म्हणाला, "शिल्ड होती होय त्याला? मला वाटलं जाड इन्सुलेशन."

जुगाडू_जन
मग ते दोन जादाचे सेन्सर विकायचेत का?

पंचविशीतली_गाडी
एक स्पेअर म्हणून डिक्कीत ठेवतोय. दुसरा बहिरा, तो टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. तुला हवा असेल तर घे, तुझ्या रेझिस्टरएवढंच ऐकतो तो.